उपस्थात्याचा अनुराग : रुग्णालयातील परिचारिका, तिची भावनिक प्रज्ञा आणि कार्यनिष्ठा

(मठाच्या वर्धापनमहोत्सवात इब्रामपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

मठाच्या वर्धापनदिनी वक्त्याने आचार्यपरंपरेवर बोलावे, एखाद्या स्तोत्राचे विवरण करावे, निदान एखाद्या संतचरित्राचे स्मरण करावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज आपल्यापुढे रुग्णालयातील परिचारिका हा विषय मांडणार आहे. समितीने मला विषयाची मोकळीक दिली, त्याबद्दल मी प्रथम आभार मानतो. या विषयाची निवड मी विचारपूर्वक केली आहे. ‘सेवा’ हा शब्द मठाच्या प्राकारात दिवसातून जितक्या वेळा उच्चारला जातो तितका अन्यत्र क्वचितच उच्चारला जात असेल. आपण पालखीची सेवा म्हणतो, पंगतीची सेवा म्हणतो, गुरुसेवा म्हणतो. परंतु ज्या स्थळी या शब्दाची रोज, आणि विशेषतः रोज रात्री, परीक्षा होत असते ते स्थळ म्हणजे रुग्णालयातील वॉर्ड होय. तेथे ही परीक्षा कोण देते, कशाच्या बळावर देते, आणि ते बळ टिकावे म्हणून आपले काही कर्तव्य आहे की नाही, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अलीकडच्या मानसशास्त्रात ‘भावनिक प्रज्ञा’ या नावाची एक संकल्पना पुष्कळ चर्चिली गेली आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली, आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ग्रंथाने ती जगभर सामान्य वाचकापर्यंत नेली. स्वतःच्या मनात उठलेला भाव वेळीच ओळखणे, दुसऱ्याच्या मनातला भाव त्याने न सांगता जाणणे, दोहोंचा अर्थ लावणे आणि त्यानुसार आपली वागणूक आवरणे किंवा घडविणे, अशी या प्रज्ञेची थोडक्यात व्याख्या करता येईल. ही केवळ कोमल मनाची खूण मानणे चुकीचे होईल. मन कोमल असूनही माणूस प्रसंगी गोंधळून जातो आणि दुःखिताला धीर देण्याऐवजी स्वतःच रडू लागतो. भाव आणि विवेक यांचा जेथे संगम होतो तेथेच ही प्रज्ञा असते.

ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. आजच्या भाषेत परिचारिका किंवा परिचारक. आता पाहा, ग्रंथकाराने परिचर्येला वैद्याच्या हाताखालचे एक किरकोळ काम मानले नाही. चार खांबांपैकी एक खांब मानले. या उपस्थात्याच्या अंगी चार गुण असावेत असे तो सांगतो : उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. ज्ञान, दक्षता आणि शुचिता हे गुण शिकविता येतात, तपासता येतात, नोंदवहीत लिहिता येतात. परंतु त्यांच्याच पंक्तीला, त्यांच्याच तोलाने, ‘अनुराग’ हा गुण बसविलेला आहे. ज्याची शुश्रूषा करावयाची त्याच्याविषयी जिव्हाळा नसेल तर चिकित्सेचा एक खांबच पोकळ राहतो, असा त्याचा अर्थ.

त्याच अध्यायात वैद्याच्या मनोवृत्तीही सांगितल्या आहेत. सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रोग असलेल्याविषयी प्रीती, आणि जो देह आपल्या स्वाभाविक अंताकडे निघाला आहे त्याच्याविषयी उपेक्षा. योगसूत्रांत चित्तप्रसादनासाठी सांगितलेल्या मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांशी हे किती जुळते आहे, हे येथे जमलेल्या अभ्यासू भक्तांच्या ध्यानात आलेच असेल. उपेक्षा हा शब्द आज आपण हेळसांड या अर्थी वापरतो. तेथे तो अर्थ अभिप्रेत नाही. जे आपल्या हाती उरलेले नाही त्याच्या ठायी मनाचा तोल न ढळू देता पाहत राहणे, ही ती उपेक्षा. सारांश, शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या भावांचे नियमन करावयाचे असते, आणि माणसापरत्वे व अवस्थेपरत्वे ते निराळे असते, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. नवीन शास्त्राने त्याला प्रयोगांची आणि मोजमापांची जोड दिली.

आता ही प्रज्ञा प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहू. आपल्या या भागातील माणूस रुग्णालयात पोचतो तो कसा, हे आपणांस ठाऊक आहे. इब्रामपुरातून किंवा हणखण्याहून निघालेला आजारी मनुष्य आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जातो, तेथून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, आणि प्रकृती अधिक बिघडली तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली स्थापन झाली खरी. परंतु पेडण्याच्या माणसाला तेथे पोचण्यासाठी आधी शापोरा आणि मग मांडवी अशा दोन नद्या ओलांडाव्या लागत. मांडवीवर पुढे पूल झाला, तो १९८६ मध्ये कोसळला, आणि पुन्हा काही वर्षे लोक फेरीबोटीवर आले. आज रस्ते आणि पूल पुष्कळ सुधारले आहेत, रुग्णवाहिका आहे. परंतु रुग्णाच्या मनातले अंतर फारसे कमी झालेले नाही. आपला वाडा, आपला मांड, आपले देवूळ सोडून तो एका मोठ्या, अनोळखी, औषधांच्या वासाने भरलेल्या इमारतीत येतो. डॉक्टर सकाळी फेरीवर येतात, काही प्रश्न विचारतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. दिवसरात्र मिळून चोवीस तास त्याच्या दृष्टीस पडते ती परिचारिका.

तिच्यापुढे प्रश्न येतात ते पाठ्यपुस्तकातले नसतात. उद्या शस्त्रक्रिया व्हावयाची आहे असा वृद्ध गृहस्थ रात्री तीनदा पाणी मागतो. त्याला तहान लागलेली नसते, भीती वाटत असते. ती हे ओळखते आणि पाण्याऐवजी दोन मिनिटे खाटेपाशी उभी राहते. एखादा मुलगा मोठ्याने भांडू लागतो, ‘आमच्या आईकडे कोणी बघतच नाही’ म्हणून. त्याच्या रागाखाली अपराधाची टोचणी दडलेली आहे, कारण तो स्वतः चार दिवसांनी आईला भेटायला आलेला आहे, हे ती जाणते आणि शब्दाला शब्द देत नाही. पहाटे तीन वाजता एका खाटेवरचा रुग्ण जातो. त्याचे डोळे मिटवून, देह नीट करून, नातेवाइकांना जवळ बसवून ती लगेच पलीकडच्या खाटेकडे जाते, कारण तेथल्या रुग्णाच्या औषधाची वेळ झालेली असते. या दोन खाटांमध्ये पाच पावलांचे अंतर असते. त्या पाच पावलांत तिला चेहरा बदलावा लागतो, आवाज बदलावा लागतो. एका जागचे दुःख दुसऱ्या जागी नेता येत नाही, आणि ते दुःख मनातून पुसून टाकले तर उद्या तिच्या हाताला यंत्राचा गारठा येईल. त्या पाच पावलांत जे घडते त्याला भावनिक प्रज्ञा म्हणावयाचे.

या विवेचनाला आधार म्हणून मुंबईतील दोन घटना सांगतो. पहिली एका रात्रीची आहे, दुसरी बेचाळीस वर्षांची.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. त्यांपैकी दोन हल्लेखोर कामा रुग्णालयात शिरले. १८८६ मध्ये स्थापन झालेले हे स्त्रिया आणि बालके यांचे रुग्णालय. तेथील प्रसूतिपूर्व कक्षात त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिका कामावर होत्या आणि त्यांच्या स्वाधीन वीस गर्भवती स्त्रिया होत्या. रखवालदारांवर गोळ्या झाडल्या गेलेल्या त्यांनी पाहिल्या. एक सहकारी गोळी लागून जखमी झाली. त्यांनी कक्षाचे दरवाजे लावले, दिवे मालवले आणि त्या विसाही स्त्रियांना कक्षाच्या टोकाशी असलेल्या एका लहानशा खोलीत नेऊन बसविले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तेव्हा तिचा हात धरून, भिंतीच्या आधाराने, अंधारातून तिला प्रसूतिगृहात पोचविण्याचे कामही त्यांनी केले. पुढे जिवंत पकडलेल्या हल्लेखोराची ओळख पटवून त्यांनी साक्ष दिली, आणि न्यायालयात जाताना आपला परिचारिकेचा गणवेशच अंगावर असावा असा आग्रह धरला. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली.

गणवेशाचा हा आग्रह मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्या रात्री त्यांना भीती वाटली नसेल असे मानण्याचे कारण नाही. भीती कोणालाही वाटेल. परंतु स्वतःची भीती ओळखून तिला क्षणभर बाजूला ठेवणे आणि वीस स्त्रियांची भीती हाताळणे, त्यांना ओरडू न देणे, त्यांचा श्वास आपल्या श्वासाच्या ठेक्यावर आणणे, हे कार्य त्या गणवेशाशी बांधलेले होते. व्यक्तीला जे कदाचित साधले नसते ते तिच्या व्रताने तिच्याकडून करविले. भावनिक प्रज्ञा आणि कार्यनिष्ठा यांची गाठ कशी पडते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

दुसरी घटना परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर या गावची, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची, अरुणा शानभाग ही तरुणी तेथे परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे ती कायमची जाणीवहीन अवस्थेत गेली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत झाला. मधली सुमारे साडेएकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात, चौथ्या क्रमांकाच्या वॉर्डाला लागून असलेल्या एका लहान खोलीत, तिची शुश्रूषा परिचारिकांनी केली.

या काळाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या मुलींनी अरुणेबरोबर काम केले होते त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर आलेल्या निवृत्त झाल्या. शेवटी शेवटी तिला भरविणाऱ्या, स्नान घालणाऱ्या आणि कूस बदलणाऱ्या कित्येक परिचारिका अशा होत्या की हल्ल्याच्या वेळी त्यांचा जन्मही झालेला नव्हता. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर एकही शय्याव्रण होऊ दिले नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायमूर्तींनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा केली आहे त्यांनाच या एका वाक्याचे वजन कळेल. शय्याव्रण टाळावयाचे म्हणजे दिवसा आणि रात्री, दर दोन तासांनी, कोणीतरी उठून कूस बदलली पाहिजे. एक दिवस चुकून चालत नाही. बोलू न शकणाऱ्या या रुग्णाला काय रुचते आणि काय रुचत नाही हेही त्या तिच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखीत. मासे तिला आवडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. बोली हरपलेल्या माणसाच्या मनाचा ठाव घेणे, ही भावनिक प्रज्ञेची पराकाष्ठाच नव्हे काय?

तिला दयामरण मिळावे अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. काही कठोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याचे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. परंतु अरुणेच्या बाबतीत तिचे निकटवर्ती म्हणण्याचा अधिकार के. ई. एम. मधील सेवकवर्गाचा आहे आणि तिने जगावे अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ती याचिका फेटाळली. नात्याने कोणी नसलेल्या परिचारिकांना देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने आप्ताचे स्थान दिले. येथे वेदान्ताचा अभ्यासक विचारील की, हा मोह की करुणा? सुटू पाहणाऱ्या जीवाला धरून ठेवणे योग्य होते काय? प्रश्न खोल आहे, आणि याचिका करणाऱ्यांच्या अंतःकरणातही दयाच होती, हे विसरून चालणार नाही. माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन की, मोह स्वतःसाठी काही मागतो. ज्या हातांनी काहीही परत मिळण्याची आशा नसताना चार दशके कूस बदलली, त्यांच्या निर्णयापुढे मान लववून मगच आपण वाद करावा.

परंतु या घटनेकडे केवळ आदर्श म्हणून पाहून आपण घरी गेलो तर तिचा अर्धाच बोध झाला असे होईल. ही निष्ठा इतकी वर्षे टिकली कशी? एखाद्या असामान्य स्त्रीच्या त्यागावर ती टिकली नाही. ती एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिली. परिचारिका पाळी बदलताना रुग्णाची सारी माहिती पुढच्या पाळीला देतात, त्याला त्या आपल्या भाषेत ‘ओव्हर देणे’ म्हणतात. औषधे, ताप, रक्तदाब यांबरोबरच ‘या आजी एकट्या आहेत, जरा बोलत राहा’ हेही त्यात सांगितले जाते. अरुणेचा ‘ओव्हर’ चाळीसहून अधिक वर्षे दिला-घेतला जात होता. आपल्या मठातही नंदादीप याच रीतीने तेवत राहतो. तेल घालणारे हात बदलतात.

आणि दुसरे असे की, ही निष्ठा मूक नव्हती. १९७३ च्या हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी आपल्या सुरक्षिततेसाठी काम बंद ठेवून आवाज उठविला. पुढे खाट मोकळी करण्यासाठी अरुणेला अन्यत्र हलविण्याची भाषा निघाली तेव्हाही त्यांनी विरोध केला आणि ती थांबविली. ज्यांनी रुग्णाला सोडले नाही त्याच परिचारिका प्रशासनाशी भांडल्या. निष्ठा म्हणजे मुकाट्याने सोसणे, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

आता कार्यनिष्ठेचे शास्त्र थोडे पाहू. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये संस्थेविषयीच्या निष्ठेचे तीन प्रकार सांगितले. हे जॉन मेयर, मघाशी उल्लेखिलेल्या मेयर यांच्याहून निराळे. पहिली निष्ठा जिव्हाळ्याची : मला येथे राहावेसे वाटते. दुसरी हिशेबाची : सोडून गेले तर नुकसान होईल म्हणून मी राहते. तिसरी ऋणाची : राहणे हे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते. तिन्ही निष्ठा हजेरीपटावर सारख्याच दिसतात. तिघीही वेळेवर येतात, तिघीही सही करतात. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र त्यांतला भेद तत्काळ कळतो. हिशेबाची निष्ठा सलाईन लावील; परंतु घाबरलेल्या म्हाताऱ्यापाशी दोन मिनिटे थांबेल ती जिव्हाळ्याची. अनेक देशांतील पाहण्यांतून साधारणपणे असे दिसून आले आहे की, ज्या परिचारिकांची भावनिक प्रज्ञा अधिक, त्यांची कार्यनिष्ठाही बहुधा अधिक असते आणि कामाचा शीणही त्यांना तुलनेने कमी ग्रासतो.

येथेच एक मोठा धोका आहे. हा निष्कर्ष ऐकून एखादा व्यवस्थापक म्हणेल, ‘उत्तम! परिचारिकांना भावनिक प्रज्ञेचे दोन दिवसांचे शिबीर देऊ, म्हणजे माणसे वाढवावयास नकोत.’ हा विचार आपण निक्षून नाकारला पाहिजे. आर्ली होशचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्ये विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून दाखविले की, मोबदल्यासाठी हसतमुख राहणे, राग गिळणे, आपुलकी दाखविणे हेदेखील एक श्रमच आहेत. शरीरश्रमाने हात दुखतात हे आपण जाणतो. या श्रमाने मन दुखते, आणि विश्रांती न मिळाल्यास ते बधिर होते. त्याच्याही आधी, १९६० मध्ये, इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयातील परिचर्याव्यवस्थेविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तेथे रुग्णांच्या वेदनेपासून परिचारिकांना वाचविण्यासाठी कामाचे असे तुकडे पाडलेले होते की कोणत्याही एका रुग्णाशी कोणाचा संबंधच येऊ नये. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगाच्या नावाने ओळखत. परिणाम असा झाला की चिंता तर गेली नाहीच, उलट कामातले समाधान गेले, आणि शिकणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी शिक्षण अर्धवट टाकून निघून जाऊ लागल्या. अनुराग कापून टाकला की निष्ठाही सुकते, हा त्याचा धडा.

मग अनुराग टिकावा कसा? परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयातील सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिले. प्रत्यक्षात देशातील कित्येक सरकारी रुग्णालयांत रात्रपाळीला एकाच परिचारिकेच्या वाट्याला याच्या कितीतरी पट रुग्ण येतात. ज्या स्त्रीला एकाच वेळी पाच ठिकाणांहून हाका येत आहेत तिने प्रत्येकाशी गोड बोलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे रित्या विहिरीत पोहरा सोडून विहिरीलाच दोष देणे होय. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या वर्षांत, रुग्णाजवळ आप्ताला जाण्यास मज्जाव होता. त्या दिवसांत मरणोन्मुख माणसाचा हात धरणारी परिचारिका हीच त्याची कन्या आणि तीच त्याची माता होती. तेव्हा आपण थाळ्या वाजविल्या, दिवे लावले, त्यांना योद्धे म्हटले. साथ ओसरली आणि आपले टाळ्यांचे हातही खाली आले.

माझे आजचे मुख्य म्हणणे असे आहे की, सेवा या शब्दाचा आपण परिचारिकेच्या बाबतीत दुरुपयोग करतो. ‘तुमचे काम म्हणजे ईश्वरसेवा’ असे म्हणून तिचे वेतन, तिची झोप, तिची सुरक्षितता या प्रश्नांवर पडदा टाकतो. मठातल्या सेवेकऱ्याला आपण उपाशी ठेवीत नाही. पंगत वाढून दमलेल्याला आग्रहाने पानावर बसवितो. मग रुग्णालयातल्या सेवेकरणीला निराळा न्याय का?

याचे मूळ आपल्या जुन्या समजुतींत आहे. परिचर्या हे हलके काम, परक्याच्या मलमूत्राला हात लावण्याचे काम, रात्री घराबाहेर राहण्याचे काम, ही समजूत मोडून काढण्यासाठी पुण्यात रमाबाई रानडे यांनी केवढे परिश्रम केले! १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. घराच्या कोपऱ्यात बसविलेल्या या स्त्रियांना सोवळ्याओवळ्याच्या भिंती ओलांडून परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या रुग्णाच्या उशाशी नेऊन उभे करणे, ही त्या काळी मोठी क्रांती होती. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीने समाजाचीच शुश्रूषा करावी आणि त्यातून स्वतःचे मानाचे स्थान मिळवावे, हे रमाबाईंनी घडवून आणले.

आज त्या गोष्टीला शंभरांहून अधिक वर्षे झाली. आपल्या वाड्यांवरच्या मुली परिचर्येचे शिक्षण घेत आहेत, कोणी गोव्यात, कोणी मुंबईत, कोणी आखातात आणि विलायतेत काम करीत आहेत. तरी सोयरीक जुळविताना ‘मुलगी नर्स आहे, रात्रपाळी असते’ हे वाक्य अजून खालच्या आवाजात उच्चारले जाते. रुग्णालयात आपला रुग्ण असला म्हणजे तीच ‘सिस्टर’ आपल्याला देवासारखी वाटते, आणि घरात सून म्हणून आली की तिची रात्रपाळी आपल्याला अडचणीची वाटते. ही विसंगती ज्याच्या त्याच्या घरातच दूर व्हावयास हवी. ती सरकार दूर करू शकत नाही.

म्हणून शेवटी भक्तजनांना चार विनंत्या करतो.

पहिली, रुग्णालयात जाल तेव्हा वॉर्डातल्या परिचारिकेला नावाने किंवा मानाने हाक मारा. तिच्यावर आवाज चढवू नका. दहा जणांनी दहा वेळा तोच प्रश्न विचारण्याऐवजी घरातील एकाने विचारावा आणि इतरांना सांगावे. यात तिची जी पंधरा मिनिटे वाचतील ती दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या वाट्याला येतील.

दुसरी, ज्यांच्या घरी परिचारिका आहे त्यांनी रात्रपाळीहून परतलेल्या त्या लेकीची किंवा सुनेची झोप देवघरातल्या शांततेइतकी पवित्र मानावी. सकाळी ती दारात आली की चुलीचे काम दुसऱ्या कोणी पाहावे.

तिसरी, मुलींइतकेच मुलांनाही या व्यवसायाकडे वळू द्या. अनुराग हा स्त्रीजातीचा जन्मसिद्ध गुण आणि म्हणून फुकटचा गुण, ही समजूत त्याविना जाणार नाही. तो कमावण्याचा गुण आहे. चरकाने तो उपस्थात्याला सांगितला, तो स्त्री की पुरुष हे पाहून नव्हे.

चौथी विनंती मठाला आणि दात्यांना आहे. आपल्यापैकी अनेक जण पूर्वजांच्या स्मरणार्थ रुग्णालयांना खाटा देतात, यंत्रे देतात, त्यांवर नावाची पाटी लावतात. हे स्तुत्य आहे. परंतु परिचारिकांना रात्रीच्या मधल्या प्रहरात अर्धा तास पाठ टेकता येईल, मन मोकळे करून दोन शब्द बोलता येतील, प्रसंगी रडताही येईल, अशी स्वच्छ आणि सुरक्षित खोली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. आणि अशा खोलीवर दात्याची पाटी तर कोठेच पाहिली नाही. रुग्णाच्या खाटेला दिलेले दान एका रुग्णाला पोचते. परिचारिकेच्या विश्रांतीला दिलेले दान तिच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पोचते. या वर्धापनवर्षात मठाने तसा एखादा संकल्प केला, तर चिकित्सेचा जो खांब आपण आजवर गृहीत धरला त्याला थोडा तरी आधार दिल्यासारखे होईल.

 याच घटकेला पेडण्यात, म्हापशात, बांबोळीत कोणीतरी परिचारिका पाळीवर रुजू होत असेल आणि आधीच्या पाळीकडून आपल्या रुग्णांचा ‘ओव्हर’ घेत असेल. तिच्या हाताला यश आणि तिच्या मनाला स्वास्थ्य लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.